'गुनाहों का देवता' आणि धर्मवीर भारती : एका लोकप्रिय प्रेमकादंबरीचे लेखकाच्या वाङ्मयातील स्थान

लोकप्रिय कादंबरीचा विचार करताना आपल्या समीक्षेने बहुधा दोनच मार्ग अनुसरलेले दिसतात. एक तर अशी कादंबरी वाचकांच्या भाबडेपणाचा पुरावा म्हणून बाजूला ठेवली जाते, किंवा तिच्या खपाचे आकडे हेच तिच्या गुणवत्तेचे प्रमाण मानले जाते. मराठीत ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांच्या वाट्याला या दोन्ही प्रकारची वागणूक आली. हिंदीत तीच गोष्ट धर्मवीर भारती यांच्या 'गुनाहों का देवता' या कादंबरीच्या बाबतीत घडली. १९४९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीच्या पन्नासहून अधिक आवृत्त्या निघाल्या आणि उत्तर भारतातील महाविद्यालयीन तरुणांच्या अनेक पिढ्यांनी ती एकमेकांच्या हातून घेऊन वाचली. असे असूनही, भारतींच्या वाङ्मयाची गंभीर चर्चा 'अंधा युग' आणि 'कनुप्रिया' या कृतींभोवतीच फिरत राहिली. पहिल्या कादंबरीचा उल्लेख होतो तो लेखकाच्या कोवळ्या वयातील भावविवश रचना म्हणून.

प्रस्तुत लेखात या विभागणीचा फेरविचार करावयाचा आहे. 'गुनाहों का देवता' या कादंबरीने जो प्रश्न उभा केला आणि अनुत्तरित ठेवला, त्याच प्रश्नाकडे भारती पुढील दहा वर्षे निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांतून पुन्हा पुन्हा वळत राहिले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. तो प्रश्न असा : प्रेमाच्या उदात्ततेसाठी केलेला त्याग जेव्हा दुसऱ्याच्या आयुष्याची किंमत देऊन साधला जातो, तेव्हा त्याला त्याग म्हणावे की अपराध?

१. शीर्षकाचा अर्थ

मराठी वाचकाने प्रथम शीर्षकापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. मराठीत 'देवता' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे हे शीर्षक एखाद्या स्त्रीविषयी असावे, असा समज होण्याचा संभव आहे. हिंदीत मात्र 'देवता' हा शब्द पुल्लिंगी चालतो आणि शीर्षकातील 'का' हा प्रत्ययही तेच सुचवितो. हा देव म्हणजे कादंबरीचा नायक चंदर. दुसरा शब्द 'गुनाह' हा फारसीतून आलेला. मराठीत त्याचे 'गुन्हा' असे रूप झाले आणि त्याचा अर्थ प्रामुख्याने कायद्याच्या क्षेत्रात स्थिरावला. हिंदी-उर्दूत मात्र 'गुनाह' म्हणजे पापही. न्यायालयात ज्याची दाद मागता येत नाही, असा नैतिक अपराध त्या शब्दात अभिप्रेत असतो. चंदर हा सुधेच्या दृष्टीने देव आहे आणि त्याच्या हातून घडलेल्या गुनाहांची नोंद कोणत्याही दप्तरात होणार नाही. या दोन अर्थच्छटा ध्यानात घेतल्या म्हणजे शीर्षक केवळ आकर्षक राहत नाही. कादंबरीचा नैतिक पेच त्यातच सूचित झालेला आहे, हे लक्षात येते.

२. कथानक आणि त्याची घडण

कादंबरीचा प्रारंभ अलाहाबाद शहराच्या वर्णनाने होतो. प्राचीन काळी नगराची एक देवता असे. ती प्रथा आज असती तर या शहराचा नगरदेव एखादा स्वच्छंदवादी कलावंतच असता, अशी कल्पना लेखक तेथे करतो. सिव्हिल लाइन्सचे रुंद रस्ते, अल्फ्रेड पार्कमधील फुलांचे ताटवे आणि विद्यापीठाचा परिसर या पार्श्वभूमीवर ही कथा घडते.

चंदर कपूर हा घर दुरावलेला, निर्धन पण हुशार विद्यार्थी. प्राध्यापक डॉ. शुक्ला त्याला आधार देतात आणि त्यांच्या घरात तो मुलासारखा वावरतो. डॉ. शुक्लांची मातृविहीन कन्या सुधा आणि चंदर यांच्यात जे स्नेहबंध निर्माण होतात, त्यांना ती दोघेही बराच काळ प्रेम हे नाव देत नाहीत. थट्टा, रुसवेफुगवे, हक्काने केलेली दटावणी असे त्या नात्याचे रूप असते. डॉ. शुक्ला सुधेचा विवाह स्वजातीतील कैलाश मिश्रा या तरुणाशी ठरवितात आणि तिची संमती मिळविण्याचे काम चंदरवर सोपवितात. येथे कादंबरीचे मर्म आहे. आश्रयदात्याविषयीची कृतज्ञता, जातीची अनुल्लंघ्य भिंत आणि शरीरापलीकडील प्रेम अधिक श्रेष्ठ असते हा त्याचा स्वतःचा विश्वास, या तिहींच्या प्रभावाखाली चंदर सुधेला विवाहास राजी करतो. सुधेचा विरोध तर्काने संपत नाही. चंदरची आज्ञा म्हणून ती तो गिळून टाकते.

त्यानंतरचा भाग हा या निर्णयाच्या परिणामांचा आहे. सुधा व्रते, उपवास आणि पूजा यांत स्वतःला झिजवू लागते. चंदर प्रथम स्वतःच्या उदात्ततेच्या अभिमानात राहतो, नंतर कडवट होतो आणि अखेरीस ज्यांना त्याच्याविषयी माया आहे त्यांच्याशीच निष्ठुरपणे वागू लागतो. पम्मी या घटस्फोटित ख्रिस्ती तरुणीशी त्याचे शारीरिक संबंध येतात. पुढे तीही आपल्या पतीकडे परत जाते. सुधेची आतेबहीण बिनती ही तिच्या विधवा आईच्या शिव्याशापांत वाढलेली मुलगी. तिचे लग्न मंडपातच मोडते आणि त्या प्रसंगानंतर डॉ. शुक्लांचा जातिबंधनांवरील विश्वासही डळमळतो. सुधेच्या बाबतीत मात्र हे शहाणपण फार उशिरा आलेले असते. गर्भपातानंतरच्या आजारात सुधेचा अंत होतो. तिच्या अस्थी गंगेत विसर्जित करताना चंदर चितेची राख बिनतीच्या भांगात भरतो आणि कादंबरी संपते.

या कथानकाची घडण नीट पाहिली तर एक गोष्ट स्पष्ट होते. प्रेम, शरीर आणि विवाह यांच्या परस्परसंबंधांविषयी प्रत्येक स्त्रीपात्र एक वेगळी शक्यता मांडते. सुधा म्हणजे संपूर्ण समर्पण. पम्मी शरीरसंबंध टाळून केवळ मैत्री मागणारी आणि नंतर त्याच्या उलट टोकाला जाणारी. सुधेची मैत्रीण गेसू ही प्रियकराने आपल्याच धाकट्या बहिणीशी लग्न केल्यावरही कडवटपणाला मनात थारा न देणारी. बिनती दुःखातून व्यवहाराचे भान शिकलेली. या चौघींपैकी कोणाच्याही अनुभवाला चंदरचे तत्त्वज्ञान पुरे पडत नाही. शिवाय उथळ प्रेमकाव्य रचणाऱ्या बिसरिया या कवीची लेखकाने केलेली थट्टाही दुर्लक्षिता येत नाही. भावुकतेचे विडंबन करणारे पात्र ज्या कादंबरीत आहे, ती कादंबरी स्वतःच्या भावुकतेविषयी सर्वस्वी अनभिज्ञ आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

३. लोकप्रियतेची कारणे

या कादंबरीच्या लोकप्रियतेची कारणे शोधताना तिच्या काळाचा आणि वाचकवर्गाचा विचार करावा लागतो. स्वातंत्र्याच्या सुमारास उत्तर भारतातील विद्यापीठांत मध्यमवर्गीय घरांतील मुलगे आणि काही प्रमाणात मुलीही एकत्र येऊ लागल्या होत्या. ओळख आणि सहवास यांना तेथे अवकाश मिळाला. विवाहाचा निर्णय मात्र पूर्वीप्रमाणेच घरातील वडीलधाऱ्यांच्या आणि जातीच्या हाती राहिला. ज्यांनी हा अंतर्विरोध प्रत्यक्ष सोसला, अशा वाचकांना चंदर आणि सुधा ही आपलीच माणसे वाटली. लग्न दुसऱ्याशी झाले तरी प्रेम पवित्र राहिले, हे आश्वासन त्यांना येथे मिळत होते.

दुसरे कारण भाषेचे. भारतींचे संवाद घरगुती, खेळकर आणि अलाहाबादच्या बोलीचा गंध असलेले आहेत. सुधेचे बोलणे, बिनतीच्या आईचा त्रागा, नोकराचाकरांशी होणारी बोलणी यांतून घर उभे राहते. काव्यात्म निवेदन आणि हे चुरचुरीत संवाद यांच्या मिश्रणामुळे कादंबरी वाचनीय झाली.

तिसरे कारण परंपरेचे आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या 'देवदास'ने १९१७ पासून भारतीय वाचकाला आत्मनाश करणाऱ्या प्रियकराची सवय लावली होती. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकही शरच्चंद्रांच्या विश्वाशी सुपरिचित आहे. देवदास आणि चंदर यांच्यात मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. देवदास दुबळेपणामुळे पार्वतीला गमावतो; चंदर तत्त्व म्हणून सुधेला देऊन टाकतो. फडक्यांच्या नायकांपुढे सामान्यतः गैरसमजाचे आणि परिस्थितीचे अडथळे असतात. खांडेकरांचे नायक ध्येयासाठी सुखाकडे पाठ फिरवितात. चंदरचा त्याग खांडेकरांच्या ध्येयवादाच्या जवळ जाणारा आहे; पण या त्यागातून कोणतेही सामाजिक कार्य निष्पन्न होत नाही. त्यातून निष्पन्न होतो तो एका स्त्रीचा मृत्यू.

आणि येथेच लोकप्रियतेने घडविलेला विपर्यासही दिसतो. बहुसंख्य वाचकांनी ही कादंबरी पवित्र प्रेमाचे स्तोत्र म्हणून वाचली. शीर्षकातील 'देवता' त्यांना भावला. 'गुनाह' त्यांनी समाजाच्या आणि नियतीच्या खात्यावर जमा केला. सुधेला तिची इच्छा कोणीही खऱ्या अर्थाने विचारली नाही, ना पित्याने, ना प्रियकराने, ही बाब अश्रूंच्या भरात नजरेआड झाली. याची काही जबाबदारी लेखकावरही येते. निवेदकाची सहानुभूती बहुतांश चंदरच्या बाजूने राहते आणि सुधेचे अंतरंग तिच्या पत्रांतून व संवादांतूनच आपल्यापर्यंत पोहोचते. प्रश्न उपस्थित झाला, पण तो विचारण्याचा अधिकार जिला होता तिला पुरेसा आवाज मिळाला नाही, हे या कादंबरीचे मर्यादास्थळ होय.

४. लेखकाचा प्रवास : अलाहाबाद

धर्मवीर भारती यांचा जन्म २५ डिसेंबर १९२६ रोजी अलाहाबाद येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यामुळे शिक्षणाचा काळ ओढाताणीचा गेला. विद्यार्थिदशेतच त्यांनी 'अभ्युदय' आणि 'संगम' या नियतकालिकांत काम केले, अलाहाबाद विद्यापीठातून हिंदीची एम. ए. पदवी मिळविली आणि डॉ. धीरेंद्र वर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध साहित्यावर संशोधन केले. पुढे त्याच विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. 'परिमल' या साहित्यसंस्थेच्या वर्तुळात त्यांची वाङ्मयीन जडणघडण झाली. अज्ञेय यांनी संपादित केलेल्या 'दूसरा सप्तक' (१९५१) या संग्रहात त्यांच्या कवितांचा समावेश झाला आणि 'नयी कविता'च्या कवींत त्यांची गणना होऊ लागली. 'गुनाहों का देवता' प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५२ मध्ये, 'सूरज का सातवाँ घोड़ा' ही लघुकादंबरी आली. अज्ञेय यांनी तिला भूमिका लिहिली. माणिक मुल्ला हा निवेदक दुपारच्या वेळी मित्रांना प्रेमकथा सांगतो आणि त्या कथा हळूहळू एकमेकींत मिसळत जातात, अशी तिची रचना आहे. जमुना, लिली आणि सत्ती या तीन स्त्रिया निवेदकाच्या आयुष्यात येतात. लिलीच्या कथेत माणिक मुल्ला काव्यमय, उदात्त प्रेमाची भाषा बोलतो आणि लिलीचे लग्न दुसऱ्याशी होऊ देतो. ही सुधा-चंदरचीच कथा. पण आता ती उपरोधाने सांगितलेली आहे. निम्न मध्यमवर्गाची आर्थिक कोंडी, हुंडा आणि जात यांनी या प्रेमांचे काय होते, ते लेखक भावविवश न होता दाखवितो. सत्ती आश्रयासाठी दाराशी येते तेव्हा माणिक मुल्ला भीतीपोटी तिला दगा देतो. उदात्तता आणि भ्याडपणा यांतील अंतर किती अल्प असू शकते, हे पहिल्या कादंबरीत अस्फुट राहिलेले सत्य येथे उघडपणे सांगितले जाते. श्याम बेनेगल यांनी १९९२ मध्ये या कादंबरीवर त्याच नावाचा चित्रपट काढला, तेव्हा तिची ही संमिश्र रचना व्यापक प्रेक्षकवर्गापुढे आली.

'अंधा युग' (१९५४) या पद्यनाट्याचा विषय वरकरणी सर्वस्वी वेगळा आहे. महाभारतयुद्धाच्या अठराव्या दिवसाच्या संध्याकाळपासून कृष्णाच्या देहावसानापर्यंतचा काळ त्यात येतो आणि महायुद्ध व फाळणी यांच्या हिंसेची सावली त्यावर आहे. तथापि त्यातील अश्वत्थाम्याकडे पाहावे. धर्मराज म्हणून मान्यता पावलेल्या युधिष्ठिराने उच्चारलेले अर्धसत्य द्रोणाच्या वधाला कारण होते आणि त्यातून अश्वत्थाम्यामधील पशू जागा होतो. सदाचाराच्या नावाने केलेली वंचना माणसातील कोमलतेचा घात करते, हे सूत्र चंदरच्या अधःपतनातही होते. कादंबरीत ते एका व्यक्तीपुरते होते. नाटकात त्याला युगाची व्याप्ती लाभली. या नाटकाला रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून देण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. सत्यदेव दुबे यांनी १९६२ मध्ये ते मुंबईत सादर केले आणि १९६३ मध्ये इब्राहिम अल्काझी यांनी दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या भग्न अवशेषांत त्याचा प्रयोग केला.

'कनुप्रिया' (१९५९) मध्ये हे वर्तुळ पूर्ण होते. येथे राधा बोलते आणि कृष्ण मूक आहे. ज्याने आपल्याशी तन्मयतेचे क्षण अनुभविले, त्याच्या इतिहासात, त्याच्या युद्धात आपले स्थान कोणते, असे ती विचारते. त्याच्या महान कार्याकडे जाणारा केवळ एक सेतू म्हणून आपला उपयोग झाला काय, हा तिचा प्रश्न आहे. सुधेने चंदरला हाच प्रश्न विचारावयास हवा होता. दहा वर्षांपूर्वी जिला देवाची आज्ञा शिरोधार्य मानण्यावाचून गत्यंतर नव्हते, तीच आता देवाला जाब विचारते. आणि तो जाब प्रेमाचा त्याग न करता, प्रेमाच्याच अधिकाराने विचारते. योगायोगाने याच वर्षी मराठीत वि. स. खांडेकरांची 'ययाति' प्रसिद्ध झाली. तीतही पुराणकथेतील देवयानी आणि शर्मिष्ठा या स्त्रियांना स्वतःची कहाणी स्वतः सांगण्याची संधी दिलेली आहे. दोन भाषांतील दोन रोमँटिक प्रकृतीचे लेखक एकाच काळात पुराणाकडे वळले आणि तेथे त्यांनी स्त्रीच्या निवेदनाला स्थान दिले, ही घटना तौलनिक अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

५. मुंबई आणि संपादनकार्य

१९६० मध्ये भारती अध्यापन सोडून 'धर्मयुग' या साप्ताहिकाचे प्रमुख संपादक म्हणून मुंबईस आले आणि १९८७ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या कारकिर्दीत 'धर्मयुग' हे हिंदी घराघरांत वाचले जाणारे नियतकालिक झाले. १९७१ च्या बांगलादेश युद्धाचे वृत्तांकन त्यांनी प्रत्यक्ष रणभूमीवर जाऊन केले. वांद्र्याच्या साहित्य सहवास या मराठी लेखकांच्या वसाहतीत त्यांचे वास्तव्य होते. त्यामुळे मराठी साहित्यविश्व त्यांच्या केवळ वाचनाचा विषय नव्हते, ते त्यांच्या शेजारी नांदत होते. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. ४ सप्टेंबर १९९७ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

या दीर्घ काळात 'बंद गली का आख़िरी मकान' (१९६९) हा कथासंग्रह आणि 'सपना अभी भी' (१९९३) हा कवितासंग्रह आला. १९७४ च्या आंदोलनाच्या संदर्भातील 'मुनादी' ही त्यांची कविता तर सर्वतोमुखी झाली. तथापि स्वतंत्र कादंबरी त्यांनी पुन्हा लिहिली नाही. संपादनाच्या व्यापामुळे सर्जनशील लेखन मंदावले, असे याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ज्या प्रश्नाने त्यांना कादंबरीकडे नेले होते, त्याची तड 'कनुप्रिया'त लागली होती, हेही त्याचे एक कारण असू शकेल.

येथे आणखी एका कृतीचा निर्देश करणे आवश्यक वाटते. भारतींच्या प्रथम पत्नी कान्ता भारती यांची 'रेत की मछली' ही कादंबरी हिंदी वाचकांनी बहुधा 'गुनाहों का देवता'च्या शेजारी ठेवून वाचली. कादंबरीला चरित्राचा दस्तऐवज मानणे अभ्यासकाला शोभणारे नाही आणि तसा येथे हेतूही नाही. पण लेखकाच्या घरातील स्त्रीच्या दृष्टीने लिहिलेली एक कृती त्या प्रेमकादंबरीचे प्रत्युत्तर म्हणून वाचली जावी, ही वाचनव्यवहारातील घटना सुधेच्या मौनाकडेच बोट दाखविते.

६. समारोप

२०१५ मध्ये पूनम सक्सेना यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद 'चंदर अँड सुधा' या नावाने प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी 'एक था चंदर एक थी सुधा' ही दूरचित्रवाणी मालिकाही प्रसारित झाली. या दोन्ही नावांतून 'गुनाह' आणि 'देवता' हे शब्द गळाले आणि दोन प्रेमिकांची नावे तेवढी उरली. लोकप्रियतेने केलेल्या वाचनाचा हा तर्कशुद्ध शेवट म्हणता येईल. अभ्यासकाचे काम मात्र ते दोन शब्द पुन्हा जागेवर ठेवण्याचे आहे.

भारतींच्या वाङ्मयाचा विचार करताना पहिली कादंबरी वगळून 'अंधा युग'पासून प्रारंभ केला, तर त्यांच्या नैतिक चिंतनाचे मूळ हाती लागत नाही. ते मूळ रणांगणात किंवा तत्त्वचर्चेत नसून अलाहाबादमधील एका घरात, प्रियकराने प्रेयसीला दुसऱ्याशी लग्न करण्यास राजी केले त्या प्रसंगात आहे. तेथे जे घडले ते योग्य होते काय, हे माणिक मुल्लाने उपरोधाने विचारले, अश्वत्थाम्याने संतापाने विचारले आणि राधेने व्याकूळ होऊन विचारले. मराठीतील लोकप्रिय प्रेमकादंबऱ्यांकडेही याच दृष्टीने पुन्हा पाहता येईल. लोकांनी त्या इतक्या आवडीने का वाचल्या, या प्रश्नाबरोबरच त्या वाचताना काय वाचावयाचे राहून गेले, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे.